यंत्राची ओळख कशी पटवावी?



वसंतातल्या या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि मोहिमा उभ्या राहतात. मी आज ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणार आहे तो उण्यापुऱ्या साठ वर्षांचा आहे, आणि त्याचे अवशेष आपणा प्रत्येकाच्या खिशात आहेत. विषय वरकरणी रुक्ष वाटेल. मोबाइल फोनसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याला, म्हणजे ज्याला आपण अ‍ॅप म्हणतो ते तयार करणाऱ्याला, समोरच्या फोनमधला प्रोसेसर कोणत्या घडणीचा आहे हे कसे कळते, आणि ते कळून घेण्यात गेल्या काही वर्षांत किती फसगती झाल्या, हा तो विषय होय.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मलाही वाटत असे. परंतु गेल्या वर्षी माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पेन्शनची नोंद पाहण्यासाठी ते आपल्या बँकेचे अ‍ॅप वापरीत. बँकेने जुने अ‍ॅप बंद करून नवे घेण्यास सांगितले. ते घेऊ गेले तर पडद्यावर एकच वाक्य उमटे : हे अ‍ॅप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही. फोन व्यवस्थित चालू होता, फोटो निघत होते, नातवंडांशी बोलणे होत होते. गुरुजी मला म्हणाले, “अहो, माझ्याच हातून काहीतरी चुकले असेल, जरा पाहता का?” त्यांच्या हातून काहीही चुकले नव्हते. चूक कोणाची होती हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

प्रथम प्रोसेसरची घडण, म्हणजे इंग्रजीतले ‘आर्किटेक्चर’, ही काय वस्तू आहे ते पाहू. आपल्यापैकी ज्यांनी जुनी दप्तरे चाळली असतील त्यांना मोडी आणि बाळबोध यांतला भेद सांगावयास नको. भाषा एकच, मराठी, मजकूरही एकच, पण ज्या कारकुनाला मोडी वाचता येत नाही त्याच्यापुढे मोडी कागद ठेवला तर तो उभाच राहील. प्रोसेसरचेही तसेच आहे. बेरीज कर, ही संख्या अमुक ठिकाणी ठेव, ती याहून मोठी असेल तर तिकडे जा, असल्या आज्ञा सगळेच प्रोसेसर पाळतात. पण त्या कोणत्या आकड्यांनी लिहावयाच्या, याची प्रत्येक कुळाची लिपी निराळी. या लिपीला आज्ञासंच म्हणतात. एका कुळासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कुळाच्या प्रोसेसरपुढे ठेवला तर तो अडखळतो आणि काम तेथेच टाकून देतो. यंत्राला संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही, ही आपल्या कारकुनाहून त्याची अधिकची अडचण.

आता ‘आर्किटेक्चर’ हा शब्द या अर्थाने रूढ कसा झाला ते पाहणे उद्बोधक आहे. १९६० च्या सुमारास आयबीएम या अमेरिकन कंपनीची संगणकयंत्रे निरनिराळ्या घराण्यांची होती. लहान यंत्र सोडून मोठे घेतले की गिऱ्हाइकाला आपले सगळे प्रोग्राम पुन्हा लिहावे लागत. ७ एप्रिल १९६४ रोजी त्या कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ नावाची यंत्रमालिका जाहीर केली. लहानापासून मोठ्यापर्यंत अनेक यंत्रे, पण सर्वांची आज्ञालिपी एक. जीन अ‍ॅम्डाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेडरिक ब्रूक्स या तिघांनी त्याच वर्षी जो निबंध लिहिला त्यात आर्किटेक्चर म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला दिसणारे यंत्राचे रूप, अशी मांडणी केली. आत तारा कशा जोडल्या आहेत याच्याशी प्रोग्राम लिहिणाऱ्याला कर्तव्य नाही. त्याला दिलेले वचन पाळले गेले म्हणजे झाले. घडण हे एक वचन आहे, हा विचार आपण ध्यानात ठेवू. कारण पुढचा सगळा इतिहास हे वचन कोणी किती पाळले याचाच आहे.

वचनाच्या या कल्पनेनंतर कुळे वाढत गेली. इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ हा प्रोसेसर काढला आणि त्याच्या वंशजांनी पुढे घराघरांतील व कचेऱ्यांतील संगणक व्यापून टाकले. या कुळाला एक्स-८६ म्हणतात. परंतु आपल्या खिशातल्या यंत्राचे कुळ निराळे आहे, आणि त्याचा जन्म इंग्लंडमधल्या केंब्रिज गावी झाला.

तेथे एकॉर्न नावाची एक छोटी कंपनी होती. बीबीसीच्या संगणक-शिक्षणाच्या मोहिमेसाठी तिने १९८१ मध्ये ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक केला आणि तो ब्रिटिश शाळांतून पसरला. पुढच्या यंत्रासाठी प्रोसेसर शोधताना बाजारातला एकही तिच्या पसंतीस उतरेना. त्या वेळी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिचे दोन अभियंते अमेरिकेत प्रोसेसरचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीला भेट देऊन आले. तेथे मोठा फौजफाटा असेल अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात मोजकी माणसे साध्या जागेत काम करताना दिसली. हे जर यांना जमते तर आपल्याला का जमू नये, असा धीर त्यांना आला. १९८३ मध्ये काम सुरू झाले. विल्सन यांनी आज्ञासंच रचला, फर्बर यांनी त्याची अंतर्रचना केली. आज्ञा थोड्या असाव्यात, पण प्रत्येक आज्ञा चटकन पुरी व्हावी, हे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मांडले गेलेले सूत्र त्यांनी स्वीकारले.

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिला प्रोसेसर तयार होऊन आला आणि त्याच दिवशी चालला. त्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्या दिवसांतली एक हकिगत फर्बर स्वतः सांगत असतात. प्रोसेसर किती वीज खातो हे पाहण्यासाठी त्यांनी मापकयंत्र लावले, तो काटा शून्यावर. प्रोग्राम तर व्यवस्थित चालू होता. शोध घेता असे आढळले की विजेची जोडणीच लागलेली नव्हती. शेजारच्या तारांतून झिरपणाऱ्या किंचितशा विजेवर ते यंत्र काम करीत होते! ही काटकसर मुद्दाम साधलेली नव्हती. प्रोसेसर स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवावयाचा, तर तो तापू नये, एवढाच हेतू होता. पण पुढे बॅटरीवर चालणारी यंत्रे आली तेव्हा हाच गुण या कुळाच्या भाग्योदयाला कारण झाला.

नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, अ‍ॅपल आणि व्हीएलएसआय टेक्नॉलॉजी या तिघांनी मिळून आर्म ही स्वतंत्र कंपनी काढली. बारा अभियंते आणि केंब्रिजजवळच्या खेड्यातले एक जुने कोठार, एवढेच तिचे भांडवल म्हणावयाचे. या कंपनीने कारखाना काढला नाही. आपले आराखडे परवान्याने द्यावयाचे आणि प्रत्येक नगामागे थोडे मानधन घ्यावयाचे, असा तिचा व्यवसाय. परवाना घेणारा आपल्या सोयीने त्यात भर घाली, काही भाग वगळी. आर्मचा प्रसार यामुळे झाला, आणि ज्या गोंधळाची कथा मी सांगणार आहे त्याचे बीजही येथेच पडले. कुळ एक, पण शाखा अनेक. आणि प्रत्येक शाखेचे रीतिरिवाज थोडे निराळे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नोकियाच्या ६११० या फोनात आर्म बसला आणि तेथून मोबाइलच्या दुनियेत त्याने पाय रोवले.

२००८ च्या ऑक्टोबरात अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन बाजारात आला. त्यात आर्मच होता. परंतु अँड्रॉइडच्या कर्त्यांनी दूरदृष्टीने एक योजना केली होती. अ‍ॅप लिहिणाऱ्याने कोणत्याही प्रोसेसरच्या लिपीत लिहू नये. एका मधल्या, काल्पनिक यंत्राच्या लिपीत लिहावे, आणि प्रत्येक फोनातल्या दुभाष्याने ते आपापल्या प्रोसेसरला समजावून सांगावे. या योजनेत प्रोसेसर कोणता, हा प्रश्न उद्भवतच नाही. मात्र दुभाष्याच्या मध्यस्थीने वेळ जातो. खेळांची हलती चित्रे, गाणी, चलच्चित्रे, गुप्तलेखन, यांसारख्या कामांत तो विलंब परवडत नाही. शिवाय जगात जुन्या पद्धतीने लिहिलेले अफाट साहित्य पडलेले होते, तेही उपयोगात आणावयाचे होते. म्हणून जून २००९ मध्ये प्रोसेसरच्या लिपीत थेट लिहिण्याचे साधनही देण्यात आले. दार उघडले गेले आणि प्रश्न आत आला.

लवकरच एका अ‍ॅपच्या पेटीत एकाच मजकुराच्या निरनिराळ्या प्रती ठेवण्याची पद्धत पडली. जुन्या आर्मसाठी एक कप्पा, सातव्या पिढीच्या आर्मसाठी दुसरा, इंटेलच्या एक्स-८६ कुळासाठी तिसरा, मिप्स नावाच्या आणखी एका कुळासाठी चौथा. पुढे ६४ बिटांचे प्रोसेसर आले तेव्हा कप्प्यांची संख्या सातावर गेली. या प्रत्येक कप्प्याच्या नावामागे जो करार आहे त्याला एबीआय म्हणतात : कोणत्या आज्ञा वापरता येतील, संख्या मेमरीत कशा मांडावयाच्या, एका उपप्रोग्रामाने दुसऱ्याच्या हाती माल कसा सोपवावयाचा, हे सारे त्यात ठरलेले असते. फोनने आपल्या जोगा कप्पा उघडावा, बाकीचे तसेच ठेवावेत.

सरळ मार्ग हाच होता. परंतु पेटी जड होते म्हणून, अथवा एखादी विशेष वेगवान आज्ञा वापरावयाची म्हणून, पुष्कळांनी स्वतःच फोनला प्रश्न विचारावयास आरंभ केला : बाबा रे, तू कोण? आणि येथून फसगतींचा इतिहास सुरू होतो.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स ही प्रणाली आहे. प्रोसेसरची माहिती लिहिलेले एक टिपण ती ठेवते; त्यात नाव, पिढी आणि अंगी असलेल्या कला नमूद असतात. हे टिपण वाचले की झाले, असे कोणालाही वाटेल. पण २०१० च्या सुमारास असे आढळले की सहाव्या पिढीचे काही आर्म प्रोसेसर त्या टिपणात आपली पिढी सातवी सांगतात! त्यांच्यावर विश्वासून सातव्या पिढीच्या आज्ञा दिल्या की अ‍ॅप जागीच कोसळे. गंमत अशी की त्याच टिपणातल्या दुसऱ्या एका ओळीत, कंसात, खरी पिढी लिहिलेली असे. तेव्हा गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या साधनात अशी तजवीज केली की पहिल्या ओळीवर भरवसा न ठेवता दुसरी ओळ ताडून पाहावी. गावच्या चावडीवर जन्मतारखेचा तंटा सोडविताना शाळेचा दाखला आणि कुळकर्ण्याची वही ताडून पाहत, तसाच हा प्रकार. उलट बाजूची उदाहरणेही सापडली. काही प्रोसेसरना भागाकाराची आज्ञा येत असे, पण टिपणात तिचा उल्लेख नसे. म्हणजे काही आपल्या अंगी नसलेले सांगत, तर काही असलेलेही सांगत नसत.

याहून सूक्ष्म फसगत ‘निऑन’ नावाच्या कलेची. एकाच आज्ञेत अनेक संख्यांवर क्रिया करण्याची ही सोय चित्र-ध्वनीच्या कामात फार उपयोगी पडते. सातव्या पिढीच्या बहुतेक आर्म प्रोसेसरांत ती होती; म्हणून सातवी पिढी दिसली की निऑन आहेच, असे अनेकांनी गृहीत धरले. पण एनव्हिडिया कंपनीच्या टेग्रा-२ मध्ये ती नव्हती, आणि हा प्रोसेसर २०११ साली निघालेल्या मोटोरोला झूमसारख्या नामांकित टॅब्लेटांत बसविलेला होता. करारात निऑनचे वचन दिलेले नव्हते. ते लोकांनी मनानेच वाचले होते. परवाना घेणाऱ्याला काही भाग वगळण्याची मुभा होती, हे मी मघाशी सांगितलेच. पिढीचे नाव विचारण्याऐवजी ‘तुला निऑन येते काय?’ एवढे विचारले असते तर ही आपत्ती टळली असती.

आता एक प्रसंग आपल्या देशातला. मोबाइलच्या बाजारात आर्मला आव्हान द्यावयाचे इंटेलने ठरविले, आणि त्या कंपनीच्या अ‍ॅटम प्रोसेसरवर चालणारा पहिला स्मार्टफोन एप्रिल २०१२ मध्ये भारतात विक्रीस आला. लाव्हा कंपनीचा झोलो एक्स-९०० तो हा. किंमत सुमारे २२,००० रुपये. परंतु त्या वेळेपर्यंत प्रोसेसरच्या लिपीत लिहिलेली अ‍ॅपे बहुतांशी आर्मचीच होती. इंटेलने त्यावर उपाय योजला तो भाषांतराचा. ‘हुदिनी’ नावाचा एक दुभाष्या फोनात बसविला. तो आर्मच्या आज्ञा चालत्या कामात एक्स-८६ मध्ये उतरवून देई. हुदिनी हे एका विख्यात जादूगाराचे नाव, आणि ते येथे शोभून दिसे.

या फोनला ‘तू कोण?’ असे विचारले तर त्याने काय सांगावे? प्रोसेसर इंटेलचा हे खरे. पण आर्मची लिपी दुभाष्याकडून समजते हेही खरे. अँड्रॉइडमध्ये उत्तरासाठी २०१० पासून दोन जागा होत्या, मुख्य आणि दुय्यम. अशा फोनाच्या मुख्य जागेत एक्स-८६ आणि दुय्यम जागेत आर्म लिहिलेले असे. जो प्रोग्राम पहिलेच उत्तर वाचून थांबेल तो, आपल्यापाशी एक्स-८६ची प्रत नाही म्हणून निष्कारण माघारी फिरेल. आणि जो आर्मची प्रत चालते एवढ्यावर समाधान मानील त्याचे काम होईल, पण भाषांतराचा भुर्दंड बॅटरीला बसेल. पुढे २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत या दोन जागा मोडीत काढून त्यांच्या ठिकाणी एक यादी देण्यात आली : या फोनला समजणाऱ्या सर्व लिपी, पसंतीच्या क्रमाने. ‘तू कोण?’ हा प्रश्न मागे पडून ‘तुला काय काय वाचता येते, आणि त्यातले अधिक चांगले कोणते?’ हा प्रश्न आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले शहाणपणाचे पाऊल ते हेच. इंटेलने मात्र २०१६ मध्ये फोनच्या बाजारातून पाय काढून घेतला.

दरम्यान आणखी मोठे स्थित्यंतर घडत होते. ३२ बिटांच्या यंत्राला मेमरीतली जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ घरे क्रमांकाने ओळखता येतात. म्हणजे चार गिगाबाइट ही त्याची मर्यादा. ही मर्यादा ओलांडणारी ६४ बिटांची घडण आर्मने २०११ च्या ऑक्टोबरात जाहीर केली, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ५-एस मध्ये ती प्रथम फोनात आणली. अ‍ॅपलचा कारभार एकहाती. प्रोसेसरही त्यांचा, प्रणालीही त्यांची. अ‍ॅपमध्ये सर्व लिपींतल्या प्रती एकत्र बांधावयाच्या आणि प्रणालीने हवी ती उचलावयाची, ही रीत तेथे आधीपासूनच होती. चार वर्षांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, त्यांनी ३२ बिटांची अ‍ॅपे एका फटक्यात बंद केली.

अँड्रॉइडच्या नगरीत असा एकछत्री अंमल नव्हता. तेथे ६४ बिटांचे फोन ३२ बिटांचीही अ‍ॅपे चालवीत. अशा फोनात अ‍ॅपांना जन्म देणाऱ्या दोन सुइणीच असतात म्हणा ना : एक ३२ बिटांची, दुसरी ६४ बिटांची. अ‍ॅप बसविताना प्रणाली त्याच्या पेटीतले कप्पे पाहते आणि याला कोणाच्या हाती द्यावयाचे ते ठरविते. आता समजा, एका अ‍ॅपमध्ये तिघा निरनिराळ्या कर्त्यांचे सुटे भाग वापरलेले आहेत. दोघांनी फक्त ३२ बिटांची प्रत दिली, तिसऱ्याने उत्साहाने ६४ बिटांचीही दिली. प्रणालीने ६४चा कप्पा पाहिला आणि अ‍ॅप ६४ बिटांचे ठरविले. अ‍ॅप सुरू झाले, पहिला भाग मिळाला, दुसरा शोधू गेले तो त्या कप्प्यात नाहीच. आणि अ‍ॅप कोसळले. जुन्या फोनवर चालणारे अ‍ॅप नव्या, भारी फोनवर बंद पडावे, याचे त्या काळी लोकांना मोठे नवल वाटे. कारण असे साधे होते. अर्धवट औदार्य कधी कधी कृपणतेहून महाग पडते.

आणखी एक मौज पाहा. जुन्या पद्धतीच्या दोन जागा मोडीत निघाल्या तरी वाचावयास अजून मिळत. पण ६४ बिटांच्या फोनात त्यांतले उत्तर विचारणारा कोण आहे यावर बदले. ३२ बिटांच्या अ‍ॅपने विचारले तर ३२चे नाव, ६४च्या अ‍ॅपने विचारले तर ६४चे. फोन तोच, प्रश्न तोच. आणि नीट विचार केला तर हे उत्तर योग्यच म्हटले पाहिजे. कारण अ‍ॅपला खरोखरी जाणून घ्यावयाचे असते ते ‘मी स्वतः या क्षणी कोणत्या लिपीत चाललो आहे?’ हेच. प्रोसेसरची योग्यता निराळी आणि आपल्याला मिळालेली खोली निराळी.

येथवर आपण असे समजून चाललो की एका फोनात एका प्रकारचाच प्रोसेसर असतो. तेही गृहीतक टिकले नाही. बॅटरी वाचावी म्हणून आर्मने २०११ पासून थोर आणि धाकट्या गाभ्यांची जोडी सुचविली : जड काम थोराने करावे, हलके धाकट्याने, आणि चालू काम प्रणालीने गरजेप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे हलवावे. २०१६ साली सॅमसंगच्या एक्सिनॉस ८८९० या प्रोसेसरवर मोनो या प्रणालीची अ‍ॅपे अधूनमधून, काही नियम न दिसता, कोसळू लागली. मोनोच्या अभियंत्यांनी अपघातांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा मेमरीतली अपघाताची जागा नेहमी ठराविक पट्ट्यांतच पडते असे दिसून आले. नव्याने लिहिलेल्या आज्ञा अमलात येण्यासाठी प्रोसेसरच्या हाताशी असलेला जुना मजकूर ओळीओळीने पुसावा लागतो. थोर गाभ्याची ओळ १२८ बाइटांची, धाकट्याची ६४ची. पुसणाऱ्या प्रोग्रामने एकदाच, थोर गाभ्यावर असताना, ओळीची लांबी विचारली आणि कायमची लक्षात ठेवली. पुढे काम धाकट्याकडे गेले, आणि तेथे १२८ची ढांग टाकीत पुसताना एकाआड एक ओळ तशीच राहू लागली. शिळी आज्ञा हाती लागली की अ‍ॅप कोसळे. उपाय शेवटी साधाच निघाला : आजवर दिसलेल्या लांबींतली सर्वांत लहान धरून चालावे.

त्याच मालिकेतल्या पुढच्या एक्सिनॉस ९८१० मध्ये याहून विपरीत घडले. धाकट्या गाभ्यांना काही नव्या आज्ञा येत होत्या, थोरांना येत नव्हत्या. आणि प्रणाली मात्र त्या सर्वांनाच येतात असे सांगत होती. धाकट्यावर सुखाने चाललेले अ‍ॅप थोराकडे गेले की मरे. एलएलव्हीएम या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात आजही या एका प्रोसेसरचे नाव अपवाद म्हणून लिहून ठेवलेले आहे. तो दिसला तर त्याचे म्हणणे न मानता जुन्या आज्ञा वापराव्यात, अशी त्याला ताकीद आहे. दिलेले वचन मोडले की त्याची नोंद किती वर्षे राहते, याचे हे उदाहरण.

या अनुभवांतून धंद्यातली माणसे हळूहळू शहाणी झाली. त्यांचे शहाणपण मला तीन वाक्यांत सांगता येईल. नाव विचारू नका, अंगची कला विचारा. एकदा मिळालेले उत्तर सर्वकाळ खरे राहील असे मानू नका. आणि उत्तर प्रतिकूल आले तर चालेल अशी एक साधी, सर्वांना वाचता येणारी प्रत पेटीत अवश्य ठेवा. पुष्कळशी निवड आता अ‍ॅपने करावीच लागत नाही. २०१८ पासून गूगलच्या दुकानात अशी सोय झाली की अ‍ॅप लिहिणाऱ्याने सर्व कप्प्यांची पेटी दुकानात द्यावी आणि दुकानाने प्रत्येक फोनला त्याच्या जोगा कप्पाच पाठवावा.

पण सोय झाली तशी एक निसरडी जागाही झाली. १ ऑगस्ट २०१९ पासून गूगलने ६४ बिटांची प्रत सक्तीची केली. ३२ची प्रत काढून टाका असे मात्र म्हटलेले नव्हते. तरी दोन प्रती सांभाळण्याचे कष्ट वाचावेत म्हणून काहींनी जुनी प्रत वगळली. आता कमी किमतीच्या फोनांची गोष्ट ऐका. त्यांतल्या कितीकांत प्रोसेसर ६४ बिटांचाच असतो. पण मेमरी थोडी, आणि ६४ बिटांच्या मांडणीत प्रत्येक पत्ता दुप्पट जागा घेतो, म्हणून कारखानदार त्यावर ३२ बिटांची प्रणाली बसवितात. वेष्टनावर ६४ बिट छापलेले, आत कारभार ३२चा.

गुरुजींचा फोन नेमका असाच निघाला. बँकेच्या अ‍ॅपमध्ये फक्त ६४चा कप्पा उरला होता. दुकानाने यादी पाहिली, कप्पा पाहिला, आणि यंत्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक उत्तर दिले : सुसंगत नाही. ओळख पटविण्यात या वेळी कोणाचीही चूक झाली नव्हती. चूक झाली होती ती ओळख पटल्यावर काय करावयाचे, हे ठरविताना. कोण्या कचेरीत कोणीतरी असे गृहीत धरले की असे फोन आता उरलेले नाहीत. मी हे सारे गुरुजींना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे मला वाचता येत नव्हते असे नाही, माझ्यासाठी कोणी लिहिलेच नव्हते.” चाळीस वर्षे शाळेत घालविलेल्या माणसाचे ते वाक्य होते. शेवटी त्यांनी नवा फोन घेतला. जुना अजून कपाटात आहे आणि उत्तम चालतो.

काळ थांबणार नाही हे मला कळते. सगळ्या जुन्या लिपी कायमच्या जपता येत नाहीत; २०१८ मध्ये मिप्सचे आणि जुन्या आर्मचे कप्पे बंद झाले, त्याबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहीत. २०२२ च्या पिक्सेल-७ पासून फक्त ६४ बिटांची अ‍ॅपे चालविणारे अँड्रॉइड फोनही आले आहेत. दुसरीकडे, बर्कलीतच २०१० मध्ये जन्मलेले आणि परवान्यावाचून कोणालाही वापरता येणारे रिस्क-फाइव्ह हे नवे कुळ पुढे येत आहे. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ आणि सी-डॅकने ‘वेगा’ हे प्रोसेसर त्याच लिपीवर बेतले आहेत. ते उद्या फोनात आले तर हा सारा प्रश्न नव्याने विचारावा लागेल, आणि नव्या पिढीचे तरुण तो विचारतील. या सभागृहात त्यांच्यापैकी काही बसलेले मला दिसत आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पेटीतला एखादा कप्पा काढून टाकण्यापूर्वी तो कोण उघडीत होते याची आधी चौकशी करावी. आकड्यांच्या तक्त्यात त्यांचा वाटा शेकडा एक-दोन इतकाच दिसेल. पण त्या आकड्यामागे पेन्शनची नोंद पाहावयास निघालेले कोणीतरी गुरुजी असतात.